मानवलेलं लग्न, उतरलेलं वजन

लग्नानंतर वजन वाढलं, तर त्याचं कौतुक करणारं एक वाक्य मराठीत आहे : ‘लग्न मानवलं हो!’ वर्षभरानं एखाद्या मुंजीत जोडपं भेटतं, त्याच्या शर्टाची बटणं ताणलेली असतात, तिच्या गालांवर बाळसं आलेलं असतं आणि कुणीतरी आत्या-मावशी हे म्हणतेच. उलट, माहेरी आलेली लेक वाळलेली दिसली, की आईच्या पोटात कालवतं. अंगावरून संसाराची परीक्षा करायची ही आपल्याकडची जुनी रीत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट तपासून पाहिली आहे, आणि मावशीचं म्हणणं बरंचसं खरं निघालं आहे.

अँड्रिया मेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६९ नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षं पाठपुरावा केला. वजनाची नोंद ठेवली आणि लग्नाबद्दल किती समाधान वाटतं हेही वेळोवेळी विचारलं. २०१३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जे नवरा-बायको आपल्या लग्नात अधिक समाधानी होते, त्यांचं वजन अधिक वाढलं. जे असमाधानी होते, वेगळं व्हावं का असा विचार ज्यांच्या मनात येऊन गेला होता, त्यांचं कमी वाढलं. संशोधकांचं स्पष्टीकरण जरा व्यवहारी आहे. पुन्हा जोडीदार शोधायची वेळ आपल्यावर येणार नाही अशी ज्याला खात्री वाटते, तो शरीराच्या बाबतीत सैल पडतो. ज्याला तशी खात्री नसते, तो स्वतःला ‘राखून’ असतो.

याच गटानं दोन वर्षं आधी, २०११ साली, त्याच जोडप्यांबद्दल आणखी एक निरीक्षण मांडलं होतं आणि या लेखाच्या दृष्टीनं ते जास्त महत्त्वाचं आहे. बायको नवऱ्याच्या मानानं सडपातळ असेल, तर त्या लग्नात दोघंही अधिक समाधानी दिसले. यात दोघांचं प्रत्यक्ष वजन किती, याला फारसं महत्त्व नव्हतं. दोघंही चांगले आडव्या अंगाचे असले तरी चालत होतं, फक्त दोघांमधलं प्रमाण ‘जागेवर’ असायला हवं होतं. हे निष्कर्ष तरुण अमेरिकी जोडप्यांवरचे आहेत, ते उचलून आपल्या घरांना लावू नयेत. तरी त्यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. लग्नात वजन मोजलं जातं ते तराजूवर कमी आणि एकमेकांच्या मानानं जास्त.

आता अशा एखाद्या लग्नात एका जोडीदाराचं वजन वर्ष-दीड वर्षात पाव हिश्शानं किंवा त्याहून जास्त उतरलं तर? वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे होतं. १२० किलोंचा माणूस ८५-९० किलोंवर येतो. दुसरा जोडीदार तिथंच असतो.

या शस्त्रक्रियेची गरज कुणाला, हे आधी थोडक्यात सांगायला हवं, कारण ‘जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं’ हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. लठ्ठपणा मोजायचं रूढ माप म्हणजे बीएमआय : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष सुमारे २३ टक्के आढळले. भारतीयांच्या बाबतीत तर हे मापही सौम्य पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचाच शेजारी-शेजारी घेतलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, याचं उत्तर त्या फोटोत होतं. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करण्याची पाश्चात्त्यांसाठीची १९९१ सालची मर्यादा ४० (किंवा मधुमेहासारखे आजार असल्यास ३५) होती, ती २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत खाली आणली गेली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय मांडता येईल असं सुचवलं गेलं.

शस्त्रक्रियांचे दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमीमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली या प्रकाराची सुरुवात केली. पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो, हे अर्धंच उत्तर. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक स्रवतं, ते स्लीव्हनंतर बरंच घटतं; आतड्यातून येणारी, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं दोन्ही प्रकारांत वाढतात. म्हणजे बदलते ती भूकच. आयुष्यभर ज्या माणसाला ‘थोडं तोंडाला कुलूप लाव’ असं ऐकवलं गेलं, त्याला पहिल्यांदाच कळतं, की शेजारचा माणूस दीड पोळी खाऊन उठतो तो संयमी असतो म्हणून नव्हे, त्याचं खरंच पोट भरलेलं असतं.

आणि इथंच लग्न मधे येतं.

समजा, एक पन्नाशीच्या आतबाहेरचं जोडपं आहे. शस्त्रक्रिया बायकोची झाली आहे. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, मग नेहमीचं जेवण, पण वाटीभर. आधी प्रथिनं, मग बाकीचं. घास बारीक चावून खायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. बायपास असेल तर गोड जपून, नाहीतर छातीत धडधड, घाम, चक्कर. घरात स्वयंपाक तिचाच. पंचवीस वर्षं रात्रीचं जेवण ही या दोघांची बोलायची वेळ होती. तो जेवायचा तासभर, तीही त्याच्याबरोबर थोडं-थोडं घेत बसायची. आता तिचं सात मिनिटांत होतं. रविवारी बाहेर जायचं ते खायलाच, त्याचं काय करायचं हे दोघांनाही कळत नाही. दिवाळीत तो तिच्यासमोर बेसनाचा लाडू धरतो, ती अर्धा तोडून बाजूला ठेवते, आणि त्याला वाटतं आपल्याला नाकारलं. यात कुणाची चूक नाही. पण आपल्याकडे प्रेम करण्याची जी मोजकी मान्यताप्राप्त रीत आहे, आग्रह करून वाढणं, ती त्या घरात अचानक निकामी झालेली असते. ‘माझ्या हातचं खात नाही’ ही तक्रार आपल्या समाजात किती जड आहे, हे सुनांना विचारावं.

अशा वेळी जोडीदार दोन वाटांनी जातात. काही जण स्वतःही कमी खायला लागतात. स्टॅनफर्डच्या सर्जननी २०११ साली शस्त्रक्रिया झालेल्यांच्या घरच्यांची पाहणी केली, तर त्यांतल्या लठ्ठ असलेल्या प्रौढ नातेवाइकांचंही वजन वर्षभरात उतरलं होतं. दुसरी वाट कमी दिसते, पण असते. जोडीदार घरात मुद्दाम फरसाण आणून ठेवतो, ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणतो, ‘आता बास, चेहरा उतरलाय तुझा’ म्हणून थांबवू पाहतो. याला थेट दुष्टपणा म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या आजारपणाची काळजी घेणं हीच आपली घरातली जागा होती, तो माणूस धडधाकट झाला की आपली जागा कुठली, हा खरा धास्तीचा प्रश्न आहे. तो विचारता येत नाही म्हणून फरसाणाचा पुडा येतो.

घटस्फोटाचे आकडे

शस्त्रक्रियेनंतर लग्नं मोडतात का, हा प्रश्न डॉक्टरांना फार आधीपासून पडला आहे. आतड्यांच्या जुन्या, आता बाद झालेल्या बायपास शस्त्रक्रियेनंतर वैवाहिक जीवनात काय बदल झाले, यावर अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९७८ सालीच लेख आला होता. पण भक्कम उत्तरासाठी मोठी संख्या आणि लांब मुदत हवी. ती स्वीडननं दिली. तिथं १९८७ साली एक अभ्यास सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार लठ्ठ रुग्ण होते आणि तुलनेसाठी नेहमीचे उपचार घेणारे जवळपास तितकेच. या अभ्यासातली आणि स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीतली माहिती एकत्र करून २०१८ साली नात्यांबद्दलचे निष्कर्ष मांडले गेले. पहिल्या अभ्यासात, आधीपासून नात्यात असलेल्यांमध्ये वेगळं होण्याचा दर शस्त्रक्रिया झालेल्या गटात २८ टक्क्यांनी जास्त होता. नोंदवहीतल्या २९ हजारांवर बायपास रुग्णांची सर्वसाधारण लोकांशी तुलना केली, तर घटस्फोटाचा दर ४१ टक्क्यांनी जास्त.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना एवढं पुरलं. पण त्याच लेखात दुसरी बाजू होती. एकटे असलेल्यांमध्ये लग्न करण्याचा किंवा नवं नातं जुळण्याचा दर शस्त्रक्रियेनंतर पहिल्या अभ्यासात दुप्पट झाला होता आणि नोंदवहीत ३५ टक्क्यांनी जास्त होता. ज्यांचं वजन अधिक उतरलं, त्यांच्यात हे बदलही अधिक. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या वेंडी किंग आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली अमेरिकेतल्या १,४४१ रुग्णांची पाच वर्षांची माहिती मांडली, तीही याच वळणाची : लग्न होणं आणि लग्न मोडणं, दोन्हींचं प्रमाण तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या दुपटीहून जास्त. आणि तरीही बहुसंख्यांची लग्नं जिथल्या तिथं होती.

म्हणजे शस्त्रक्रिया लग्न मोडते असं म्हणण्यापेक्षा ती माणसाला हलवते असं म्हणणं जास्त बरोबर. एकटा माणूस नात्याकडे सरकतो. कुचंबणेत असलेला दाराकडे सरकू शकतो. ‘मला दुसरं कोण विचारणार’ या समजुतीवर उभी असलेली लग्नं जगात सगळीकडे असतात. ती समजूत गेली की त्या लग्नाचं काय होणार, हे सांगायला सर्जन लागत नाही. स्वीडनच्या संशोधकांनीही हीच शक्यता बोलून दाखवली आहे, की वाढलेल्या घटस्फोटांतले काही तरी वाईट नात्यातून बाहेर पडण्याचं बळ आल्याचे असावेत.

आपल्याकडे मात्र हे माप चालत नाही. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांची संख्या सुमारे १३ लाख ६० हजार होती, विवाहितांच्या पाव टक्का. कायद्यानं वेगळं न होता नुसतेच वेगळे राहणारे त्याच्या जवळपास तिप्पट. आणि एकाच छताखाली, एकाच रेशनकार्डावर, न बोलता राहणाऱ्यांची मोजदाद कुठल्याच जनगणनेत होत नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे या ऑपरेशननंतर घटस्फोट होत नाहीत’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर त्यावरून संसार सुखाचे आहेत असं काही सिद्ध होत नाही.

अंगाची ओढ

आता ज्या विषयाभोवती आपण फिरतो आहोत तो. वजन वाढलं की जोडीदाराचं आकर्षण कमी होतं का, आणि उतरलं की परत येतं का?

यातला शरीराचा भाग बऱ्यापैकी समजलेला आहे. पोटाच्या चरबीत एक विकर असतं, ते पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनचं स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतं. म्हणून लठ्ठ पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी आढळतं, इच्छा मंदावते, ताठरतेच्या तक्रारी येतात; मधुमेह असेल तर त्याची भर. स्त्रीमध्ये पाळी अनियमित होते, बीजकोशांच्या तक्रारी वाढतात. झोपेत श्वास अडकून मोठ्यानं घोरणं हा दोघांचाही सामाईक शत्रू. पुष्कळ जोडपी कुठल्याही भांडणाशिवाय वेगळ्या खोल्यांत झोपायला लागतात ती या घोरण्यामुळे, आणि मग एकत्र यायचं राहूनच जातं. वजन उतरल्यावर यातलं बरंचसं सुधारतं. अमेरिकेत १०६ स्त्रियांचा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं अभ्यास झाला (२०१४), त्यात संप्रेरकांबरोबरच लैंगिक समाधान आणि स्वतःच्या शरीराबद्दलची भावनाही सुधारलेली आढळली.

यातली शेवटची गोष्ट मला कळीची वाटते. दिवा मालवल्याशिवाय जवळ येऊ न देणारी बायको नवऱ्याच्या नजरेला घाबरत असते असं आपण समजतो. बहुतेकदा ती स्वतःच्या नजरेला घाबरत असते. नवऱ्याला ती आवडत नाही असं नसतंच. त्याला काय आवडतं, हे तिनं ऐकून घ्यायचं कधीच थांबवलेलं असतं. पुरुषांचंही हेच, फक्त त्यांच्याकडे ते बोलायला शब्दही नसतात. ‘सुटलेलं पोट’ हा त्यांच्यासाठी विनोदाचा विषय ठरवून टाकलेला आहे. आणि देखणेपणाचे निकष तरी कुठे स्थिर आहेत? राजा रविवर्म्याच्या नऊवारीतल्या भरदार नायिका आज एखाद्या व्यायामशाळेत गेल्या असत्या, तर त्यांच्या हाती पहिल्याच दिवशी आहाराचा तक्ता आला असता.

वजन उतरलं की अंग विसाव्या वर्षीचं होत नाही, हेही कुणी आधी सांगत नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीनं गळतात, पुढे ते बहुधा परत येतात. त्वचा मात्र आक्रसत नाही. पोटाची, दंडांची, मांड्यांची कातडी लोंबते, घडीखाली पुरळ येतं. ती काढायला वेगळी शस्त्रक्रिया, आणि तिचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. कपड्यांत सडपातळ झालेली व्यक्ती कपडे काढताना पूर्वीइतकीच संकोचते, कधी जास्तच. बाहेरचं जग कौतुक करत असतं, आणि आत खोलीत जोडीदाराला समजत नाही की आता हिला काय झालं. त्यात एक अवघड कबुली असते, जी सहसा दिली जात नाही : काही जोडीदारांना आधीचंच अंग आवडत होतं. ऊबदार, भरलेलं, ओळखीचं. त्यांना त्या अंगाची आठवण येते, आणि डॉक्टरनं जीव वाचवल्यावर ही आठवण काढणं कृतघ्नपणाचं वाटतं.

जिथं लग्न नवं आहे, तिथं वेगळीच ओढाताण. वजन घटू लागलं की अनेक स्त्रियांची पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. सर्जन मात्र १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, कारण त्या काळात शरीराला पोषण तुटपुंजं मिळत असतं. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, दुसरी साधनं वापरावी लागतात. घरच्यांचा हिशेब याच्या बरोबर उलटा असतो : ऑपरेशन केलंच मुळी मूल व्हावं म्हणून, मग आता थांबायचं कशाला?

कुणासाठी हे चाललंय, हा प्रश्न आकड्यांतही दिसतो. लठ्ठ पुरुष आणि लठ्ठ स्त्रिया आपल्या पाहणीत जवळपास सारख्याच आहेत. जगभरात ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत मात्र सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया असतात. मधुमेह आणि हृदयविकार पुरुषांना काही सोडत नाहीत. तेव्हा हा फरक आजारामुळे पडलेला नाही; कुणाच्या अंगाला बोल लावला जातो, यामुळे पडलेला आहे. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाऐवजी आईनं दिलेली संमती ग्राह्य नाही. नवऱ्याचीही नाही, बायकोचीही नाही. पण रुग्णालयाच्या कागदावर नातेवाइकाच्या सहीची ओळ असते आणि घराघरांत ती ओळच जास्त वजनदार ठरते.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. आतड्यांतल्या त्याच संप्रेरकांची नक्कल करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची. वेगोवीतलं औषध बंद केलं, तर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत चढतो, असं त्याच्या चाचणीत दिसलं. म्हणजे आता लग्नातलं प्रमाण एकदाच बदलेल असंही नाही. ते खाली-वर होत राहील. शिवाय शस्त्रक्रिया जोडीदारापासून लपवता येत नाही. दवाखान्यात कुणी थांबायचं, सुट्टी कुणी काढायची, पैसे कुठून आणायचे, सासूबाईंना काय सांगायचं, या निमित्तानं का होईना, नवरा-बायको एकमेकांच्या अंगाबद्दल दोन वाक्यं बोलतात. इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे राहू शकतं, आणि महिनोन्‌महिने कुणाला काही सांगावं लागत नाही.